व्याख्यानाआधी पेन्सिल

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या कार्यकर्तीचा प्रश्न असा: महिन्यातून एका रविवारी चित्रकलेच्या इतिहासावर व्याख्यान आणि त्याला लागून रेखाटनाची कार्यशाळा, असा उपक्रम त्यांनी सुरू केला. पहिला विषय होता भीमबेटकाच्या आदिम गुहाचित्रांपासून आजपर्यंतची भारतीय चित्रकला. सभागृह भरलं. दुसरा युरोपातला प्रबोधनकाळ. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. कार्यशाळेत चौथी-पाचवीतली मुलं तेवढी पुढे बसली. मोठी माणसं "आम्हाला चित्रकला येत नाही हो" म्हणत मागच्या रांगेत चहाची वाट बघत राहिली. आता समितीत तीन मतं आहेत: विषय सोपे करा, नाव असलेले वक्ते आणा, नाहीतर कार्यशाळा बंद करून नुसती व्याख्यानं ठेवा.

ताई, तिन्ही नको. विषय अवघड नव्हता आणि वक्त्यांचंही काही चुकलं असेल असं मला वाटत नाही. माझा सल्ला एवढाच: क्रम उलटा करा. आधी लोकांच्या हातात पेन्सिल द्या, त्यांना एक चित्र दहा मिनिटं बघत काहीतरी काढू द्या, आणि मग वक्त्याला बोलू द्या. व्याख्यान आणि कार्यशाळा असे दोन वेगळे कार्यक्रम ठेवूच नका.

का ते सांगते. आपल्याकडे व्याख्यान ऐकण्याची सवय फार जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, आणि आज बऱ्याच तालुक्यांत कुणा ना कुणाच्या स्मरणार्थ एखादी व्याख्यानमाला चालते. श्रोता तयार आहे, पण तो कानाने तयार आहे. चित्रकलेवरच्या भाषणातही तो सन, घराणं, किस्सा आणि सुभाषित टिपत बसतो, आणि पडद्यावरचं चित्र वक्त्याच्या म्हणण्याला साक्षीदार म्हणून येऊन जातं. दीड तासात ऐंशी चित्रं दाखवली की एका चित्राच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येतं. घरी गेल्यावर "छान झालं" एवढंच उरतं. पुढच्या महिन्यात पुन्हा 'छान' ऐकायला माणूस येईलच असं नाही, विशेषतः त्याच वेळी नातवंडं आलेली असतील तर.

तेव्हा एका बैठकीला तीनच चित्रं. चौथं वक्त्याने खिशात ठेवावं, वेळ उरला तर काढावं. सहसा उरत नाही.

मी जिथे जिथे हा प्रकार सुरू करते तिथे पहिलं चित्र ठरलेलं आहे: हातात समई घेतलेली, एक तळवा ज्योतीपुढे धरलेली बाई. हे चित्र कुणी पाहिलेलं नाही असं होत नाही. कॅलेंडरवर, दिवाळीच्या शुभेच्छांमध्ये, फोनवरच्या संदेशांत ते फिरत असतं आणि बहुतेक वेळा खाली 'राजा रविवर्मा' असं लिहिलेलं असतं. रविवर्मा गेले १९०६ मध्ये. हे चित्र १९४० च्या दशकातलं, सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. माणूस सावंतवाडीचा, जन्म १८८२ चा. समई धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, 'ग्लो ऑफ होप' या नावाने ओळखलं जातं, आणि ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. एवढं सगळं मी लोकांना आधी सांगत नाही. चित्राच्या प्रती हातात देते आणि एकच काम देते: कोळशाने कागद पूर्ण काळा करा आणि उजेड जिथे जिथे पडलाय तिथला कोळसा खोडरबराने काढा. रेघ मारायची नाही. नाक, डोळे, पदराचा काठ काही काढायचं नाही. फक्त उजेड.

पहिली दोन मिनिटं हसण्यात जातात, कारण सगळ्यांचे हात काळे झालेले असतात. मग सभागृह गप्प होतं. पाच-सात मिनिटांनी कुणीतरी विचारतं, "ज्योत तर दिसतच नाही नीट, मग हा एवढा उजेड आला कुठून?" हाच प्रश्न मला हवा असतो. ज्योत तळव्याआड आहे. उजेड बोटांच्या फटींतून, हनुवटीखालून, गालावरून आपल्यापर्यंत येतो. बोटांच्या कडा तांबूस का दिसतात हेही आता त्यांना विचारता येतं. आता वक्त्याने बोलायला उठावं. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागद मोकळा सोडतात. म्हणजे सगळ्यात उजळ जागा चित्रकाराला आधीच ठरवून राखाव्या लागतात, नंतर सुधारायला वाव फार कमी. ज्याने नुकताच कोळसा खोडून उजेड काढलाय, त्याला हळदणकरांनी तो उलट्या बाजूने, न लावता, राखून कसा आणला असेल हे वाक्यागणिक समजतं. नुसत्या भाषणात हेच वाक्य कानावरून निघून जातं. आणि शेवटी 'हे चित्र रविवर्म्याचं नाही' हे सांगितलं की सभागृहात जी कुजबुज होते ती बघण्यासारखी असते. त्या रात्री गावातल्या अर्ध्या कौटुंबिक ग्रुपांवर दुरुस्त्या जातात. पुढच्या बैठकीची जाहिरात तिथेच होते.

(सोय असेल तर हे काम प्रत्यक्षही करा. पडदे ओढा, दिवे मालवा, जमलेल्यांपैकी एखाद्या काकूंना समई घेऊन उभं करा आणि बाकीच्यांनी काढावं. काकू लाजतात, मग फार खूश होतात. जवळ पाण्याची बादली मात्र ठेवा आणि पदर खोचायला सांगा.)

दुसरी बैठक खऱ्या रविवर्म्यावर घ्या, म्हणजे धागा तुटत नाही. इथे व्याख्यानाची तयारी निम्मी लोकच करतात. महिनाभर आधी फलकावर लिहा: घरात जुनी देवादिकांची छापील चित्रं असतील तर घेऊन या, फाटकी असली तरी चालतील. तुमच्या भागातल्या जुन्या घरांतून काय काय निघेल याची तुम्हालाच कल्पना नसेल. रविवर्म्यांनी मुंबईत १८९४ मध्ये छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छपाई, वर चकाकी, अशी ती पद्धत. या छापांनी लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोचवल्या. लोकांनी त्यांवर टिकल्या, जर, कापड चिकटवून त्यांना आणखी सजवलं. कुणी असं टिकल्यांचं चित्र आणलं तर वक्त्याला थोडा वेळ बाजूला बसवा आणि त्या घरातल्या आजींना बोलू द्या. चित्र कुठे टांगलेलं होतं, ते कुणी आणलं, टिकल्या कुणी लावल्या. कलेच्या इतिहासात ग्राहकाचा इतिहास फार कमी लिहिला जातो, तो इथे आयता मिळतो.

रेखाटनासाठी त्या दिवशी सरस्वती घ्या. देवीचा चेहरा काढायला सांगू नका, लोक दचकतात. देवाचा चेहरा बिघडला तर काय, ही भीती खरी असते आणि तिची थट्टा करू नये. साडीच्या निऱ्या काढायला सांगा. फक्त गुडघ्यापासून खाली. कापड कुठे ताणलंय, कुठे सैल पडलंय. साडी रोज नेसणाऱ्या बायका हे इतकं अचूक पकडतात की कलाशिक्षकाने तोंडात बोट घालावं. मग प्रश्न विचारा: देवी खडकावर अशी बसलेली, पायघोळ साडी नेसलेली, शेजारी मोर, याआधीच्या मूर्तींत, पोथ्यांत ती अशी दिसते का? तिथून युरोपीय तैलचित्रण, तंजावरची चित्रशैली, पारशी नाटकांचे पडदे, छपाईचं अर्थकारण, कुठेही जाता येतं.

मोठ्या माणसांच्या "येत नाही" बद्दल थोडं. हे वाक्य जन्मजात नसतं. आपल्याकडे ते बहुधा शाळेत तयार होतं: एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वेळी. स्थिरचित्रातला तांब्या वाकडा आला, स्मरणचित्रात बसस्टॉपवरची माणसं काड्यांसारखी आली, 'क' श्रेणी मिळाली आणि प्रकरण मिटलं. त्या परीक्षांना माझा विरोध नाही. त्यांनी खेड्यापाड्यांतल्या कित्येक मुलांना पहिल्यांदा पोस्टर कलर हातात दिले. पण साठीच्या माणसाच्या मनात चित्र म्हणजे अजून तोच तांब्या असतो. म्हणून पहिल्या दोन-तीन बैठकांत 'हुबेहूब' येण्याची शक्यताच राहणार नाही अशी कामं द्यावीत. कोळसा खोडणं हे त्यातलं एक. दुसरं: नजर चित्रावर, पेन्सिल कागदावर, खाली बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही, आणि डोळा जसा कडेवरून सरकेल तसा हात सरकू द्यायचा. सगळ्यांचंच वेडंवाकडं येतं, कलाशिक्षकांचंही; त्यामुळे लाज वाटून घेण्याचं कारण राहत नाही. तिसरं: अर्ध्या मिनिटात अख्खं चित्र, चार रेघांत. ही कामं जगभरच्या कलाशाळांत शिकवतात, त्यात माझं काही नाही.

आणि हो, "मला रेघसुद्धा सरळ येत नाही" म्हणणाऱ्या आजींना सकाळी दारात घातलेल्या ठिपक्यांच्या रांगोळीबद्दल विचारा. चिमटीतून पडणाऱ्या पुडीवर ताबा ठेवून, खाली वाकून, खोडण्याची सोय नसताना त्या जी वळणं काढतात ती पेन्सिलने काढणं त्यापेक्षा सोपं आहे. मी एका बैठकीत कागद-पेन्सिल बाजूला ठेवून सगळ्यांना जमिनीवर रांगोळीच दिली होती, समोर अजिंठ्याचं चित्र लावून. बोधिसत्त्व पद्मपाणीचा नीलकमळ धरलेला हात. फक्त हात, मनगटापासून बोटांपर्यंत. पुरुषांची फार तारांबळ उडाली.

अजिंठा घ्याच, पण सावकाश घ्या आणि कोरड्या इतिहासाने सुरुवात करू नका. जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी १८१९ मध्ये शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली वगैरे बहुतेकांना पाठ असतं. त्याऐवजी भिंतीबद्दल बोला: खडकावर माती, भुसा, तंतू कालवून केलेला लिंपणाचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग. तुमच्या श्रोत्यांपैकी ज्यांनी घर शेणामातीने सारवलंय, भिंती लिंपल्यात, त्यांना यात शिकवण्यासारखं फार थोडं आहे. उलट तेच सांगतील की भुसा कशाला घालतात. गेरू, पिवळी माती, काजळी ही जवळपासची, आणि निळा मात्र लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानाकडून आलेला. आणि ती नक्कलांची दुःखद कथा जरूर सांगा: रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केलेल्या प्रतिकृती बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, मग मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा केल्या, त्यातल्याही कित्येक १८८५ च्या आगीत गेल्या. नक्कल करत बघणं ही आपल्याकडे कला शिकण्याची जुनी वाट आहे, हे त्यातून आपोआप पोचतं.

वारलीबद्दल मात्र एक विनंती. कार्यशाळा म्हटली की समितीला पहिलं वारलीच सुचतं: त्रिकोण-त्रिकोण माणसं, तासाभरात ट्रे रंगवून तयार. तेवढ्यासाठी घेऊ नका. लग्नाचा चौक ही त्या समाजातल्या सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढायची विधीची गोष्ट आहे, त्यात पालघाट देवी बसते. तो कोस्टरवर उतरवण्याचा विषय नाही. घ्यायचंच असेल तर डहाणू-तलासरीकडच्या वारली कलाकाराला बोलवा, योग्य मानधन आणि प्रवासखर्च द्या, आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यापासून हे चित्र भिंतीवरून कागदावर कसं आलं, पुरुषांच्या हातात कसं गेलं, हे त्यांच्याच तोंडून ऐका. नाही जमलं तर त्या महिन्यात दिवाळी अंकांची मुखपृष्ठं घ्या. वाचनालय आहे, जुने गठ्ठे माडीवर असतीलच. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर; दोघंही मूळचे गोव्याचे, आणि त्यांच्या मुखपृष्ठांवरच्या बायका आठवल्या की सत्तरीतले काका एकदम बोलू लागतात. विषय सोपा असून त्यात खोलवर जाता येतं.

युरोप टाकू नका. फक्त त्याला इथल्या दारातून आत आणा. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं पाहिली की 'ओल्या गिलाव्यावर इटलीत कसं रंगवत' हे सांगायला निमित्त मिळतं. आणि औंध तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. श्री भवानी वस्तुसंग्रहालय, १९३८ चं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. तिथे रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्पसुद्धा आहे. एका मराठी संस्थानिकाने, जो स्वतः चित्रं काढायचा आणि कीर्तनंही करायचा, ते आणलं. प्रबोधनकाळावर भाषण ऐकण्यापेक्षा त्या शिल्पाभोवती फिरून चार बाजूंनी चार रेखाटनं करा; आधुनिक शिल्पकलेवर तासभर बोलायला तेवढं पुरतं.

आता गैरसोयींकडे येते. उपक्रम बुडतात ते इथे.

प्रोजेक्टरवर विसंबू नका. वाचनालयाच्या सभागृहात दुपारी ऊन असतं, पडदे पातळ असतात, आणि अजिंठ्याचा गेरू पडद्यावर गुलाबी दिसतो. तीन चित्रांच्या चांगल्या रंगीत छापील प्रती, ए-थ्री आकाराच्या, तीन माणसांत एक अशा द्या. पुढच्या वेळी त्याच परत वापरता येतात. साहित्य साधंच: परीक्षेचे पॅड, कार्ट्रिज कागद, ४बी-६बी पेन्सिली, कोळशाच्या कांड्या, एक ओलं फडकं. तीस माणसांना शंभर कागद ठेवा. कागद मोजून दिले की माणसं जपून काढतात आणि जपून काढलं की बिघडतं. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा वेगळा ठेवा, अर्ध्या मिनिटाच्या रेखाटनांना तेच बरे. खोडरबर कोळशाच्या दिवशी सोडून इतर वेळी कपाटात.

उजेड, खुर्च्या, डोळे. निवृत्त मंडळींना मांडी घालून तास काढता येत नाही, आणि मागून आलेला उजेड कागदावर त्यांच्याच डोक्याची सावली पाडतो. खुर्च्या खिडकीला आडव्या लावा. ज्यांचा हात कापतो त्यांना पेन्सिलऐवजी जाड खडू द्या आणि कागद मोठा द्या. कापरी रेघ मोठ्या कागदावर देखणी दिसते, हे मी खुशामतीने सांगत नाही.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप. एकूण चाळीस मिनिटं, आणि हात तोवर गार. हे सगळं समितीला दुखावल्याशिवाय काढता येत नाही, माहीत आहे. मी एक तोड काढली आहे: सत्कार शेवटी, चहाच्या आधी, आणि अध्यक्षांना पहिल्या मिनिटापासून कोळसा देऊन पहिल्या रांगेत बसवायचं. काळ्या हातांनी माणूस लांबलचक भाषण करत नाही.

मुलांचं काय? त्यांना वेगळं काढू नका आणि त्यांना पुढेही बसवू नका. एका टेबलावर एक मूल, दोन मोठी माणसं. मुलं न घाबरता काढतात, त्यामुळे शेजारचे आजोबा सुरू होतात. आजोबा बराच वेळ बघत बसू शकतात, त्यामुळे मूल थांबतं. स्पर्धा नको, बक्षीस नको, प्रमाणपत्र अजिबात नको. पालक आपल्या मुलाचं चित्र 'सुधारायला' लागले तर त्यांच्या हातात स्वतःचा कागद द्या. शेवटी चित्रं भिंतीला लावताना नावं मागच्या बाजूला लिहा.

वक्त्याचा प्रश्न. नाव मोठं असण्यापेक्षा त्याला गप्प बसता येतं का, हे बघा. निमंत्रणातच लिहा: पहिली वीस मिनिटं आपण बोलणार नाही, लोकांबरोबर काढणार. ज्यांना हे पटत नाही ते नम्रपणे नाही म्हणतील, ते बरंच. बोलायला एक आणि रेखाटन करून घ्यायला एक, अशी दोन माणसं सरसकट लागतात असंही नाही. शाळेतले कलाशिक्षक, ज्यांना कुणी कधी भाषणाला बोलावत नाही, ते पुष्कळदा हे दोन्ही करतात. एखाद्या वर्षी खर्चाची सोय झाली तर सिंधुदुर्गातल्या पिंगुळीहून चित्रकथी बोलवा. ठाकर समाजातली ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोथीतलं एकेक चित्र लोकांपुढे उभं करून, वीणा-टाळ-हुडुकच्या साथीने त्याची कथा सांगत आली आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. चित्र समोर ठेवून लोकांशी कसं बोलावं याचं शिक्षण तुमच्या सगळ्या वक्त्यांना तिथे मिळेल.

पैशाबद्दल कुणीतरी हमखास विचारतं: "हे चित्र केवढ्याला गेलं?" टाळू नका. अमूर्त चित्रं काढणाऱ्या गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ मध्ये मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात २३ कोटींवर गेलं, हे सांगा, लोकांना आवडतं. मग त्याच चित्रकाराच्या एखाद्या चित्रापुढे पाच मिनिटं पेन्सिल हातात न देता नुसतं बघत बसवा. किमतीचा प्रश्न परत येत नाही, दुसरे येतात.

कायद्याचं एक: छापील प्रती आणि समाजमाध्यमांवरचे फोटो. आपल्याकडे चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. रविवर्मा, धुरंधर (मृत्यू १९४४), अमृता शेरगिल (१९४१) यांची चित्रं मोकळी आहेत. हळदणकर १९६८ मध्ये गेले, दलाल १९७१ मध्ये. त्यांचा हक्क अजून संपलेला नाही, त्यामुळे बैठकीपुरत्या प्रती ठीक, पण पुस्तिका छापून विकणं किंवा त्यावर वाचनालयाचं कॅलेंडर काढणं नको. लोकांची रेखाटनं फोटो काढून टाकताना त्यांना विचारा. काहींना ते नको असतं आणि त्यांना लगेच कारण विचारू नये.

औंधची सहल तिसऱ्या महिन्यात ठेवा, पहिल्या नको. तोवर हात थोडे सुटलेले असतात. जाण्याआधी संग्रहालयाला पत्र पाठवून रेखाटनाची परवानगी मागा, साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या, आणि फक्त पेन्सिल आणि पॅड न्या. कोळसा, शाई, पाण्याच्या बाटल्या गाडीतच ठेवा. एका दालनात पंधरापेक्षा जास्त माणसं पाठवू नका, उरलेल्यांना तोवर यमाईच्या दर्शनाला नेता येईल. डबे बरोबर असू द्या.